जातीचा दाखला आणि कचेरीचा उंबरठा

जून महिना लागला की कणकवली स्टेशनवर एक निराळा प्रवासी उतरू लागतो. मे महिन्यात येणारे चाकरमानी लग्नकार्याला, आंब्याफणसाला, घराची डागडुजी करायला येतात. त्यांच्या हातात बोजे असतात. जूनमधला प्रवासी हलका असतो. त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी, पिशवीत कागद, आणि बरोबर नुकतीच बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा. तुतारी एक्स्प्रेसमधून उतरला की तो पहिला प्रश्न विचारतो, "कचेरी किती वाजता उघडते?"

२०२३ सालच्या जूनमध्ये असा एक प्रवासी माझ्या घरी आला. तो माझा सख्खा पुतण्या. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, १९६० साली मुंबईला गिरणीत लागले आणि १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. पुतण्या एका कुरिअर कंपनीत पार्सले पोचवतो. त्याची मुलगी आमच्या घराण्यात विज्ञान घेऊन बारावी झालेली पहिली. तिला नर्सिंगच्या पदवीला जायचे होते. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यावर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र हवे. "काका, चार दिवसांची रजा टाकली आहे. होईल ना?" पुतण्याने विचारले. मी छत्तीस वर्षे शाळामास्तर होतो, कागदपत्रांची मला सवय आहे. मी म्हणालो, होईल. त्या 'होईल'ला आठ महिने लागले आणि मुलीची त्या वर्षीची जागा गेली.

आम्हाला ज्या कचेरीत हेलपाटे पडले ती कोणती, कोणत्या गावची, हे मी इथे लिहीत नाही. एका टेबलावरच्या एका माणसाची उणीदुणी काढून आपल्या हाती काही लागत नाही. मला दोन प्रश्न समजून घ्यायचे आहेत. ज्या माणसाची जात गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, त्याच्या नातीला ती कागदावर का सिद्ध करता येत नाही? आणि अर्ज घेऊन गेलेला माणूस कचेरीच्या दारातून परत फिरतो, तो नेमका कशाच्या बळावर परत फिरवला जातो?

पहिली गोष्ट तारखेची. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली. त्या दिवशी तुमचे पूर्वज जिथे कायमचे राहत होते ते तुमचे मूळ ठिकाण, आणि दाखला द्यायचा तो तिथल्याच सक्षम अधिकाऱ्याने, असा नियम आहे. म्हणून परळच्या चाळीत जन्मलेल्या बापाला आणि दिव्याला वाढलेल्या मुलीला कणकवलीची गाडी धरावी लागते. बरे, इथे आल्यावर सगळे कागद इथेच सापडतील असेही नाही. १ मे १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग हा जिल्हाच नव्हता. हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. त्यामुळे जुना कागद 'तिकडे असेल' असे म्हणायला कचेरीला एक दिशा कायमची मिळालेली आहे.

दुसरी गोष्ट धर्माची. १९५० च्या त्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट घातली होती. काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता, आणि १९५६ साली ती सवलत सर्व दलित शिखांना मिळाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या २७ लाखांवर गेली. माणसांनी एक जोखड उतरवून ठेवले, आणि कायद्याच्या दृष्टीने ती माणसे यादीबाहेर गेली. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राला मात्र कायदा दुरुस्त करायला १९९० साल उजाडावे लागले. मधली चौतीस वर्षे आमच्या घराघरांत दोन प्रकारचे कागद तयार होत राहिले.

मी मास्तर असल्यामुळे हे माझ्याच हातून झाले आहे. शाळेत नाव घालायला आलेला एक बाप ताठ मानेने म्हणायचा, "जात नाही, बौद्ध लिहा." दुसरा बाजूला घेऊन सांगायचा, "गुरुजी, हिंदू महार लिहा, पुढे पोराला स्कॉलरशिप लागेल." मी दोघांचेही लिहिले, आणि दोघेही बरोबर होते. एकाने बाबासाहेबांचा शब्द राखला, दुसऱ्याने मुलाचे शिक्षण राखले. कित्येकदा हे दोघे सख्खे भाऊ असत. आज त्यांची नातवंडे कचेरीत उभी राहतात, तेव्हा एका काकाच्या कागदावर 'बौद्ध' आणि दुसऱ्याच्या कागदावर 'हिंदू महार' असते, आणि टेबलावरून उत्तर येते: विसंगती. माझा स्वतःचा १९७२ चा दाखला आहे. त्यावर नुसते 'नवबौद्ध' लिहिले आहे. मूळ जात लिहिलेलीच नाही. नातीच्या कामात त्या दाखल्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आता पडताळणीचे पाहू. खोटे दाखले काढून राखीव जागा लाटल्या जात होत्या, हे खरे आहे. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. कुटुंब कोळी, दावा महादेव कोळी या अनुसूचित जमातीचा. त्या निकालात न्यायालयाने देशभरासाठी पडताळणीची पद्धत घालून दिली: समिती असावी, दक्षता पथक असावे, गृहचौकशी आणि शाळेची चौकशी व्हावी. महाराष्ट्राने त्यावर २००० सालचा कायदा केला, तो ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. अनुसूचित जातींसाठी तपशीलवार नियम २०१२ साली झाले. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी आणि पदवी टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुन्हा बजावले. या सगळ्याला माझा विरोध नाही. चोरी झाली ती आमच्याच जागांची झाली.

परंतु या कायद्याच्या कलम ८ कडे कार्यकर्त्यांनी नीट पाहिले पाहिजे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, असे ते कलम सांगते. न्यायालयाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. दावा करील त्याने पुरावा द्यावा. पण पुरावा राहतो कुठे? तो राहतो तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या कपाटात, अभिलेखाच्या खोलीत. म्हणजे पुरावा शासनाच्या ताब्यात आणि तो आणून देण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर. एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीला नेऊन देण्यासाठी मुंबईच्या माणसाने रोजगार बुडवायचा. गावकामगार म्हणून सरकारी टपाल आणि वसूल कचेरीत पोचवण्याचे काम महाराकडे होते, हे आपण वतनांच्या इतिहासात वाचतो. कायद्याने वतने गेली. कागद डोक्यावर घेऊन चालणे काही सुटले नाही.

१९५० पूर्वीचे कागद तरी कोणते? मुख्यतः तीन. एक, जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४. जुनी माणसे त्याला कोतवाल बुक म्हणतात. दोन, शाळेचे जनरल रजिस्टर. तीन, जमिनीचे उतारे. यातला तिसरा आमच्यापैकी बहुतेकांकडे नाही. कोकणातल्या खोती गावांत जमीन खोताची, कसणारा दुसराच. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. ज्याच्या नावावर कधी वाफाही नव्हता त्याच्याकडून १९५० पूर्वीचा उतारा मागणे म्हणजे त्याच्या भूमिहीनतेचाच त्याला दंड करणे होय.

दुसऱ्या कागदाचे आमच्या बाबतीत असे झाले. बंधू १९४९ साली शाळेत बसले होते. त्या शाळेत मी पुतण्याला घेऊन गेलो. हेडमास्तर भला माणूस. त्याने कपाट उघडून दाखवले. त्या सालचे रजिस्टर होते, पण वाळवीने अर्धे खाल्लेले. बंधूंचे पान नव्हते. "जीर्ण झाल्याने उपलब्ध नाही" असे पत्र त्याने तिथेच लिहून दिले. ते पत्र आम्ही टेबलावर ठेवले, तेव्हा टेबलामागचा माणूस म्हणाला, "ह्या पत्रान काय होतला? पुरावो होयो."

राहिला कोतवाल बुकाचा उतारा. बंधूंचा जन्म १९४२ चा. नोंद सापडली, पण ती मोडीत. टेबलावर कोणाला मोडी वाचता येईना. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून आणा, असे सांगण्यात आले. शोधत शोधत एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, उताऱ्यावरून बोट फिरवले आणि वाचता वाचता ते थांबले. "गुरुजी, जसे आहे तसेच लिहावे लागेल," ते म्हणाले. मी म्हणालो, लिहा. बापाच्या रकान्यात होते: धोंड्या म्हार.

माझ्या वडिलांचे नाव धोंडिराम. बंधूंच्या गिरणीच्या कागदांवर, पुतण्याच्या शाळेच्या दाखल्यात, सगळीकडे धोंडिराम. गावाने आणि गावाच्या दप्तराने त्यांना धोंड्या म्हटले, कारण महाराच्या नावाला पुरे लिहिण्याची रीत नव्हती. आडनावाचा रकाना कोरा, कारण आडनाव असायचे ते मानकऱ्यांना. ती नोंद पाहून नात काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, हे पणजोबाच ना?" मी हो म्हणालो. तिच्यापुढे आणखी काही बोलणे मला जमले नाही.

ते लिप्यंतर घेऊन आम्ही परत टेबलासमोर गेलो. प्रश्न आला: धोंड्या आणि धोंडिराम ही एकच व्यक्ती कशावरून? दप्तराने ऐंशी वर्षांपूर्वी जो अपमान लिहून ठेवला होता, तोच आता नातीच्या अर्जातली त्रुटी ठरला. हे कोणा एका कारकुनाच्या दुष्टपणातून झाले असते तर सोपे होते. समोरचा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्याकडे तीन टेबलांचे काम होते, दोन जागा रिकाम्या होत्या, सर्व्हर बंद पडला की त्याचेही हात बांधले जात. त्याने फक्त दोन अक्षरसमूह ताडून पाहिले आणि ते जुळत नव्हते. अक्षरे का जुळत नाहीत, हा प्रश्न त्याच्या तक्त्यातच नव्हता. वस्त्यांच्या नावांचेही असेच होणार आहे. महारवाडा, मांगवाडा ही जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच आहे. पण जुन्या कागदावरचा महारवाडा आणि आजच्या फलकावरचे समतानगर एकच आहे, हे त्याच वेळी लिहून ठेवले नाही, तर पुढच्या पिढीच्या अर्जावर आणखी एक त्रुटी निघेल.

आता दुसरा प्रश्न. आम्ही पाच वेळा परत आलो. या पाचही वेळा आमच्या हातात काय होते? काही नाही. एकदा साहेब मीटिंगला होते. एकदा सर्व्हर नव्हता. एकदा प्रतिज्ञापत्र स्टँपपेपरवर हवे म्हणून बाहेर पाठवले. वास्तविक अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क शासनाने २००४ सालीच माफ केले आहे. दोनदा धोंड्या-धोंडिराम. प्रत्येक वेळी अर्ज आमच्याच पिशवीत परत आला. तो कचेरीत दाखलच झाला नव्हता, म्हणून तो नाकारलाही गेला नव्हता. मला छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळले ते असे की कचेरीतला विलंब बहुधा उंबरठ्याच्या बाहेर घडतो, जिथे घड्याळ सुरूच झालेले नसते.

कायदे आहेत. २००५ सालचा बदल्यांचा आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे जावे न लागणाऱ्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत आणि जावे लागत असेल तर तीन महिन्यांत झाला पाहिजे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की अधिसूचित सेवेसाठी अर्ज केल्यावर पोच मिळाली पाहिजे, मुदतीत सेवा मिळाली पाहिजे, नाकारल्यास कारणे लेखी दिली पाहिजेत. त्याविरुद्ध कचेरीत दोन अपिले आणि तिसरे आयोगाकडे करता येते. विनाकारण चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. सेवांची आणि मुदतींची यादी कचेरीत फलकावर लावणे बंधनकारक आहे. पण यातला प्रत्येक दिवस मोजला जातो तो पोच मिळाल्यापासून. तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते आणि अपीलही नसते. म्हणून तोंडी नकार हे कचेरीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित हत्यार आहे.

सहाव्या खेपेला मी एवढेच म्हणालो, "अर्ज अपुरा असेल तर आवक करून घ्या आणि काय अपुरे आहे ते लेखी द्या." आवाज चढवला नाही. दहा मिनिटे शांतता झाली. मग आवक क्रमांक पडला. त्रुटीपत्र आले. त्याला आम्ही लेखी उत्तर दिले: मूळ नोंद, लिप्यंतर, शाळेचे पत्र, गावातल्या दोन वयोवृद्धांची प्रतिज्ञापत्रे, वंशावळ. दाखला मिळाला. पुढे पडताळणीची चौकशी होऊन वैधता प्रमाणपत्र फेब्रुवारीत हातात पडले. तोवर प्रवेशाची मुदत सरून गेली होती. मुलीने ते वर्ष एका औषधाच्या दुकानात काढले आणि पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. एक वर्ष म्हणजे काय, हे ज्या घरात एकच मिळवता आहे तिथे समजावून सांगावे लागत नाही.

त्या त्रुटीपत्राची भाषा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे. 'कळविण्यात येते', 'आढळून आले आहे', 'सबब प्रकरण निकाली काढण्यात येईल.' या वाक्यांना कर्ता नाही. कोणाला आढळून आले, कोण निकाली काढील, हे वाक्यातून कळत नाही. आपल्या कवींनी आणि कथाकारांनी गावाची भाषा, शिवीची भाषा, देवळाबाहेरची भाषा उघडी करून दाखवली. कचेरीच्या या निनावी भाषेकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक आपल्या लेखनाच्या मुळाशी अर्जच आहे. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर लष्करातून पेन्शनीत निघाल्यावर दापोलीला राहिले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली त्यांनी विनंतीअर्ज तयार केला. पेन्शन जाईल या भीतीने त्याला सह्या मिळाल्या नाहीत. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्या अर्जांत कर्ता होता: आम्ही. अर्ज लिहिणे हे लाचारीचे काम आहे असे आपल्या तरुणांना वाटते. वलंगकरांना ते तसे वाटले नव्हते.

थोडे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. कचेरीच्या टेबलामागे आज आपलीही माणसे आहेत, आणि खुर्चीवर बसल्यावर समोरच्या आपल्याच माणसाला 'उद्या या' म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. बाहेरच्या टपरीवर निळा झेंडा लावून दाखल्यामागे पैसे घेणारा मध्यस्थही आपलाच असतो. त्याच्याकडे गेले की काम होते, म्हणून लोक त्याला कार्यकर्ता म्हणतात. कायदा सांगणारा कार्यकर्ता आणि कायद्याची गरज पडू न देणारा दलाल यांतला फरक आपण लोकांना दाखवला नाही, तर दोष एकट्या शासनाचा राहणार नाही.

मग करावे काय? मोर्चा काढावा, निवेदन द्यावे, हे आहेच. पण प्रवेशाच्या आठवड्यात मोर्चाने नोंद सापडत नाही. नोंदी आधी शोधून ठेवल्या पाहिजेत. आमच्या वाडीत एकवीस घरे आहेत. गेल्या दीड वर्षात आम्ही प्रत्येक घराची वंशावळ १९५० च्या मागे नेऊन लिहिली. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा आणि प्रमाणित प्रती घेण्याचा हक्क आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तो वापरला. नमुना १४ आणि शाळेची रजिस्टरे पाहून जिथे नोंद मिळाली तिची प्रत घेतली, मोडी असेल तर लिप्यंतर करून घेतले. बापाच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाईकाला एकदा वैधता मिळाली असेल, तर पुढच्याला ती नाकारताना समितीला सबळ कारण लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली तसा निर्णय दिला आहे. म्हणून प्रत्येक भावकीतल्या एकाचे तरी वैधता प्रमाणपत्र आधी पुरे करून घ्यायचे, असे ठरवले. सगळ्याच्या दोन प्रती केल्या. एक गावच्या विहारात, एक मुंबईच्या मंडळाकडे.

एकवीसपैकी तेरा घरांच्या नोंदी सापडल्या. आठांच्या अजून सापडलेल्या नाहीत. त्यातल्या तिघांची नावे एका पानावर असतील असा अंदाज आहे, ते पान फाटलेले आहे. उरलेल्या पाच घरांसाठी रत्नागिरीला जाऊन पाहायचे आहे. या मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्यांच्यातले दोन तरुण माझ्याबरोबर येणार आहेत. प्रत्येक वाडीत एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि एक वही, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. ज्यांना ते करायचे असेल त्यांनी जूनची वाट पाहू नये.